गाठ धरणारी फीत

सँ-तेत्येनमध्ये आमच्या घराच्या खिडक्या
माणसांच्या मापाच्या नव्हत्या, मागाच्या मापाच्या होत्या.
खाली कोळशाच्या खाणी, वर टेकडीवर आम्ही,
पांढरं सॅटिन विणणारे.
भर जुलैत तावदानं बंद.
बाबा कोपरापर्यंत हात धुऊन मागापाशी जायचे,
आणि रात्री खटखट थांबली
की मला जाग यायची.

सॅटिन दिसायला गोड, गाठीला बेभरवशाचं.
आई म्हणायची, सकाळी वेणीत, संध्याकाळी गटारात.
मखमलीला उलटसुलट कळतं,
उलटा हात फिरवला की मांजरीसारखी
अंग आक्रसून काळवंडते.
टाफेटा बोलतो. चर्चमध्ये कोण उशिरा आलं
ते मान न वळवता कळायचं.
मोआरेवरचं पाणी विणलेलं नसतं,
दोन पदर एकावर एक ठेवून दाबतात,
कुठली लाट कुठे उठेल
ते दाबणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आणि ग्रोग्रँ.
आडव्या रेघांची, जाडसर, बिनचमकेची,
पुरुषांच्या हॅटला आतून बसून घाम पिणारी.
तिच्याबद्दल कुणी काही बोलत नसे.
बाबा जास्त तीच विणायचे.

शनिवारी व्यापाऱ्याचा माणूस यायचा, वाशेझ.
डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवायचा.
अंगठा अडला की कात्री.
कापलेलं सगळं आमच्या वेण्यांना.
शाळेत माझ्याइतक्या फिती कुणाकडेच नव्हत्या
आणि एकही धड नव्हती.

बाबा गेले त्याच्या नऊ वर्षं आधी
माग गेला होता, भंगारात, किलोवर.
कारखान्याने पुष्पचक्र पाठवलं:
पॉलिएस्टरची जांभळी फीत, वर सोनेरी छापील
'आमच्या सहकाऱ्यास'.
आई शवपेटीपाशी थांबली.
कडेवरून अंगठा फिरवला.
पर्समधून कात्री काढली.
पाद्री बघतच राहिला.
तिने त्या जागी बांधली ग्रोग्रँ,
काळी, पावणेदोन मीटर, एका ठिकाणी बाणा चुकलेली.
फूल नाही, झुपका नाही. एकच गाठ.
"ही सुटायची नाही," म्हणाली,
मला, की त्यांना, कळलं नाही.

जांभळी मात्र तिने टाकली नाही.
टोकं मेणबत्तीवर धरली, वितळली की उसवत नाहीत
(रेशमाला हे करू नये,
जळत्या केसांचा वास येतो)
आणि परसात टोमॅटोला बांधली.

आई जाऊन आता सहावा उन्हाळा.
ग्रोग्रँ केव्हाच मातीत विरली असणार.
ही अजून आहे. रंग उडून राखाडी,
अक्षरांतलं 'आमच्या' तेवढं उरलंय.
दर वर्षी नव्या रोपाला मी तीच बांधते.
गाठ धरत नाही.
दोन दिवसांनी जाऊन
पुन्हा बांधावी लागते.