कंसातलं

नाटक अमेरिकेतलं. सामंत सरांनी मराठीत आणलं,
गावाचं नाव तेवढं तसंच ठेवलं. ते कुणालाच
धड उच्चारता येईना. सर म्हणाले, असू दे,
थोडं परकं राहायला हवं.
एक गॅरेज. बाहेर बर्फ. बाप आणि मुलगा
दोन अंकभर एका ट्रकच्या इंजिनवर वाकलेले.
बोलतात ते नटबोल्टबद्दल.
बाकीचं कंसात.

मी प्रॉम्प्टर. विंगेत पत्र्याच्या डब्यावर,
मांडीवर वही, हातात बॅटरी.
सगळ्यांचं सगळं मला पाठ, आणि माझा आवाज
पहिल्या रांगेपर्यंतही पोचता कामा नये.
पण या वहीत दर चार वाक्यांनी लिहिलेलं: (थांबतो.)
नट थांबला की मला कळेना
हा विसरला, की हा थांबला.
सरांना विचारलं. म्हणाले, मानेकडे बघ.
विसरलेल्याची मान वर जाते.

बाप झाला भिवा कोयंडे. दिवसा आनंदवाडीच्या कारखान्यात
बर्फाच्या लाद्या क्रशरमध्ये ढकलतो.
सर हिमवादळ समजावू लागले तेव्हा म्हणाला,
"थंडी शिकवू नकात माका."
मुलगा हर्षद धुरी, मोबाईलच्या दुकानातला,
नाटकासाठी दाढी वाढवलेला.
शेवटच्या प्रवेशात त्याने म्हणायचं,
"तू मला हात लावलास तो फक्त मारायला."
बाप: (थांबतो.) तेराचा पाना दे.

तालमीत हे आलं की आम्हाला खोकला यायचा.
एकदा लाईटवाला बाबल्या हसला, मग सगळेच,
सुटल्यासारखे, आणि हर्षद सगळ्यात मोठ्याने.
सर रोज सांगायचे, भिवा, या वाक्याला
त्याच्याकडे बघ तरी.
भिवा पान्याकडे बघायचा.

कणकवलीला, केंद्रावर, रात्री अकराच्या सुमारास
हर्षदने वाक्य टाकलं. भिवा थांबला.
मी मनात चार मोजले, ठरले होते तेवढेच.
मग आठ. "तेराचा पाना," मी कुजबुजलो.
मान खालीच. "भिवा, तेराचा पाना दे."
मागे कुणाची तरी खुर्ची करकरली.
भिवाने खिशातून फडकं काढलं, कारखान्यातलंच,
आणि हर्षदच्या गालावरचं ग्रीस पुसायला लागला.
ग्रीस खोटं, काजळ नि खोबरेल. निघेना.
पसरत पसरत कानापर्यंत गेलं.
तो पुसतच राहिला, लादीवरचा भुसा झाडतात तसं,
जरा जोरातच. हर्षदने डोळे मिटून घेतले.
वहीत यातलं काही नव्हतं.
मी बॅटरी बंद केली.

परीक्षकांचा शेरा: पाठांतर कच्चे. शेवट लांबला.

परतताना टेम्पोत, सेटच्या फळ्यांवर बसून
नांदगाव तिठ्यापर्यंत बांगड्याचा दर,
तळेबाजारपर्यंत कुणाच्या तरी पर्ससीनला झालेला दंड.
त्या फडक्याचा विषय कुणी काढला नाही.
हर्षद भिवाच्या खांद्यावर झोपला,
किंवा झोपल्यासारखं केलं.
आणि भिवाने, जो दर मैलाला एक ओढतो,
जामसंडे येईस्तोवर बिडी पेटवली नाही.
खिशाकडे हात न्यायला खांदा हलवावा लागला असता.

घरी बाबा ओटीवर जागेच.
"किती वाजले रे?"
घड्याळ त्यांच्या समोरच्या भिंतीवर.
मी म्हटलं, पावणेतीन.
(थांबतात.)
मी त्यांच्या मानेकडे बघितलं.
"चाराक जाळी उचलूची आसत," ते म्हणाले. "येशीत?"
"येतंय."
वही अजून बगलेत होती. चाराला सव्वा तास.
त्यांनी घोंगडीचं एक टोक माझ्या बाजूला सरकवलं,
पायानेच, समुद्राकडे बघत,
आणि आम्ही दोघंही आत गेलो नाही.