कोरी कड

सुवाउकीत डिसेंबरात साडेतीनलाच अंधार पडतो.
दोन दिवस बाथटबमध्ये पोहलेला मासा
आता कढईत आहे, आणि कालिना
कोटांच्या कपाटात, कानांवर तळवे दाबून.
ती चरचर ऐकून आम्हाला भूक लागते.
तिला, तिची आई सांगते, तोच आवाज
दात कोरणाऱ्या यंत्राचा.

तिचं जेवण मला पाठ आहे:
कडा काढलेला पाव, गार.
मॅकरोनी, बिनमिठाची, एकीला एक न चिकटलेली.
सफरचंद, फोड तपकिरी व्हायच्या आत.
दही चालायचं,
कारखान्याने झाकणाचा रंग बदलला तोवर.

मी म्हणायचो, लाड.
मी रांगेत वाढलेला माणूस.
संत्र्यांचं जहाज लागलं अशी कुजबुज झाली
की आई मला पहाटे चारला उभं करायची
चार फळांसाठी, बर्फात.
पावाचा तुकडा खाली पडला
तर आम्ही तो उचलून त्याचा मुका घेतो.
अशा घरात भरली थाळी परत जाते म्हणजे काय?

म्हणून ऑगस्टात, तिची आई कामावर असताना,
मी तिच्या तोंडात बीटच्या सूपचा चमचा घातला.
एकच.
ती रडली नाही. ओकली,
आणि मग फरशीवर बसून दोन तास
बाहीने स्वतःची जीभ पुसत राहिली.
पुढचे सहा दिवस पावसुद्धा नाही.
भुकेतलं सगळं कळतं मला,
असं तोवर मी समजत होतो.

आज टेबलावर बारा पदार्थ.
प्रत्येकाने प्रत्येक चाखायचा, असा रिवाज.
आणि एक रिकामी थाळी,
कुणी अवचित दारात आलंच तर.
मी लेकीला म्हणालो, तिला बोलावू नकोस.
संत्रं बाल्कनीत जाऊन सोललं, उणे अकरात,
बिनवासाच्या साबणाने हात धुतले, दोनदा.

जेवणाआधी आम्ही ओप्वातेक मोडतो:
पिठापाण्याचा पांढरा पापुद्रा,
मधोमध गोठ्याचं उठावाचं चित्र.
एकमेकांच्या हातातला तुकडा मोडायचा,
काही चांगलं बोलायचं, गालाला गाल लावायचा.
मी एक पापुद्रा कपाटाच्या फटीतून सरकवला
आणि चांगलं काय बोलायचं ते गिळून टाकलं.

बराच वेळ फक्त कोटांची सळसळ.
मग, कट्.

आम्ही चौथ्या पदार्थावर होतो
तेव्हा ती भिंतीला पाठ घासत आली
आणि रिकाम्या थाळीत उरलेलं ठेवून गेली,
म्हणजे दोन पावलं मागे, तेवढंच.
गोठा, मेंढ्या, तारा, सगळं शाबूत.
खाल्ली होती ती फक्त भोवतीची कोरी कड,
जिथे जिभेला काही टोचत नाही.

लेक उठायला लागली.
मी टेबलाखालून तिचा पाय दाबला.

"अजून आहे?" कालिनाने
त्या रिकाम्या खुर्चीला विचारलं.

मी कात्री आणली. माझा पापुद्रा, लेकीचा,
जावयाने अर्धा तोंडात घातलेला,
सगळ्यांच्या कडा कापायला बसलो,
चष्मा लावून, एकेक रेघ सरळ.
सूप गार होत गेलं.