ळ

तुझ्या मशीनचा ळ
कुण्या अर्जदाराच्या पोरानं ओढून तोडला,
त्याला आता एकोणीस वर्षं.
उदगीर तहसीलसमोरच्या पत्र्याखाली
तू तसंच बडवत राहिलास.
जळकोटची माणसं ‘ज कोट’ची झाली,
कमळबाई नुसत्या ‘कम बाई’.
मग कागद ओढून काढायचास
आणि शाईच्या पेनानं एकेक ळ भरायचास,
जीभ ओठात धरून, तिसरीतल्या पोरासारखा.
हैदराबादचा मेकॅनिक दोनशे मागायचा.
‘एका अक्षरापायी दोनशे? हातानं काढतो की.’

दाखल्याच्या दिवसांत वंशावळी यायच्या ढिगानं.
खापरपणज्यापासूनची उतरंड,
बाणाखाली बाण,
मयत, मयत, मयत, हयात.
किती घरं आपण अशी कागदावर उतरवली, मन्मथ,
वीस रुपये पान.
तुला ना बायको ना पोर.
माझी माणसं बिदरला, ईदपुरती.
मधल्या टेबलावर एक थर्मास,
आणि रिबीन कुणाची कुणी पळवली
यावरून आठवड्याला एक भांडण.

येळवसला भावाच्या शेतातून
माझ्यासाठी आंबील आणायचास किटलीत.
एकदा झाकण उडालं,
अख्ख्या एसटीला लसणाचा वास,
कंडक्टर नाक धरून, आणि तू किटली मांडीत घेऊन
देवणीपासून उदगीरपर्यंत खिडकीबाहेर बघत.
निम्मीच उरली होती. गोड लागली, खोटं नाही.

लातूरला माझं पोट फाडलं
तेव्हा सही तूच केलीस.
नात्याच्या रकान्यात ‘भाऊ’.
बाई म्हणाली, पेशंट अत्तार, तुम्ही बिराजदार,
भाऊ कसे?
तू चष्मा पुसत म्हणालास,
टायपिंगची चूक आहे.

तुमच्यात बसवतात.
ऐकून होतो, पण त्या दिवशी काही सुचत नव्हतं.
खड्डा बघून मी म्हणालो, आखूड झाला की रे.
कुणीतरी हसलंसुद्धा.
मग तुला उतरवलं, मांडी घालून,
कपाळाला भस्म, हातात लिंग, पाठ ताठ.
मशीनसमोर जन्मात इतका ताठ बसला नाहीस.
आधी भावानं मूठ टाकली, मग पुतण्यांनी,
मग भाऊबंद, मग गल्ली.
माझा नंबर कुठं, मला कळेना.
चपला हातात घेऊन उभा राहिलो
माती संपेपर्यंत.

महिन्यानं भालकीचा पुतण्या आला.
बँकेत तुझे एकतीस हजार निघाले, लेका,
आणि मेकॅनिकला दोनशे नव्हते.
वारसाचं प्रतिज्ञापत्र पाहिजे, वंशावळ जोडून.
समोरचा कॉम्प्युटरवाला दहा मिनिटांत देतो म्हणाला.
मी म्हटलं, बस.
तुझ्या मशीनवरचं फडकं काढलं.
शिवलिंगप्पा, मयत. बाण.
मन्मथ, मयत, अविवाहित.
शेजारी भाऊ, भावाखाली पोरं, सगळी हयात.
आणखी एक बाण काढायला जागा होती कडेला.
नाही काढला.
खोटं लिहिणं गुन्हा आहे,
ही ओळ खाली आपणच टाकतो ना रोज.
फक्त वर, मथळ्यात,
‘वंशाव’
आणि पुढं एक अक्षर मोकळं.
तेवढं मी हातानं भरलं.
माझा ळ तुझ्यासारखा येत नाही, डावीकडं कलतो.
नोटरीनं न वाचता शिक्का मारला.

किती झाले, पुतण्यानं विचारलं.
घरचं काम आहे, म्हटलं.
त्याला ते कळलं नाही बहुतेक,
कार्बनखाली पन्नासची नोट सरकवून गेला.
अजून तिथंच आहे.
दीड वाजता डबा उघडताना
दिसते.
मोडवत नाही.