बिनदाताचा गळ

अबू धाबी, हॉल क्रमांक आठ, सकाळचे नऊ.
वारा दक्षिणेचा, म्हणजे कॅफेटेरियाकडून येणारा एसीचा.
मी रॉड मांडते: नऊ फुटी, चार तुकड्यांचे,
बोटावर तोलले तर नसल्यासारखे,
आणि प्रत्येकाच्या गळ्यात एवढी किंमत
की वेंगुर्ल्याचं आमचं छप्पर
दोनदा शाकारून होईल.

रील आधी कानाजवळ न्यायची, मग हातात द्यायची.
असं ट्रेनिंगमध्ये सांगितलंय.
कर्र. "खाऱ्या पाण्याला दाद देत नाही, सर."
त्या रीलला अजून खारं पाणी लागलेलं नाही.
मलाही नाही, सात महिने झाले.
समुद्र दिसतो कंपनीच्या बसमधून,
निळ्या काचेतून, आहे त्याहून निळा.

फ्लाय म्हणजे माशी.
बाबांना फोनवर सांगितलं तर ते खोकेपर्यंत हसले.
माशीन मासो?
व्याकरणात बघितलं तर माशी ही माशाची बायकोच असावी,
पण इथे ती कोंबड्याच्या मानेच्या पिसाची असते.
अमेरिकेत म्हणे कोंबडे पाळतात ते पिसांसाठीच.
आमच्याकडे कोंबडा राखणदाराचा,
पिसं वाऱ्याची, ती कोणी मोजत नाही.
इथे पाकीट एकशेवीस दिरहम.

ग्रॅहम माशी बांधून दाखवतो, छोट्या शेगड्यात गळ धरून.
नाकावर मात्र बसू देत नाही.
सात वेढे, एक आत, ओढ.
परवा त्याला चहा हवा होता, म्हणून मी बसले.
गाठ माझ्या बोटांच्या ओळखीची निघाली,
फाटक्या जाळ्याला हीच लागते.
त्यानं चहा खाली ठेवून बघितलं
आणि माझी माशी त्याच्या माशांत ठेवली, मागच्या रांगेत.

या गळाला उलटा दात नसतो.
मासा धरायचा, फोटो काढायचा, सोडायचा,
ओठ फाटता कामा नये.
हे सांगितलं तेव्हा बाबा हसले नाहीत.
"सोडूचोच आसा, तर धरूचो कित्याक?"
माहितीपत्रकात याचं उत्तर नव्हतं.
मी म्हटलं, रेंज जातेय.

तिसऱ्या दिवशी खल्फान आले, काठी टेकत, नातवाच्या मागून.
नातू रॉड बघत होता, ते दोरी.
रॉड बाजूला सारून त्यांनी टोक तर्जनीवर गुंडाळलं,
डोळे मिटले, जरा थांबले.
"मछली इधर बोलता है."
पेरावर जुना पांढरा वळ.
तसाच एक नवाबागेत आहे, उजव्या हाताला.
ते म्हणाले, चनद. मी म्हटलं, इसवण.
दोघांनी हातानं लांबी दाखवली
आणि दोघांनीही ती वाढवून दाखवली.
"कितना रुपया?" त्यांनी विचारलं.
दिरहम, मी म्हटलं. नातू ओशाळला.
"हाँ हाँ. मेरे टाइम में रुपया था."
घेतलं काहीच नाही.
गिऱ्हाईक गळाला लागलं नाही, असं मी फॉर्मवर लिहायला हवं होतं.
कारणाच्या रकान्यात जागा फार कमी होती.

शेवटच्या रात्री दिवे अर्धे गेले.
प्लास्टिकच्या हौदात घोटाभर गोडं पाणी,
ग्रॅहम हॉटेलवर.
मी रॉड उचलला. टोकाला गळ नाही,
सरावासाठी लाल लोकर.
मागे नेला, थांबले, पुढे सोडला.
दोरी हौदावरून गेली, हौद संपला तरी गेली,
आणि मोतालेबच्या बादलीपाशी पडली.
बारिसालचा मोतालेब, सफाईवाला, चार दिवसांत एक शब्द नाही.
त्यानं लोकरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
लोकर मुठीत धरली
आणि पळत सुटला, खांबाला वळसा घालून,
मोकळ्या स्टॉलांच्या गल्लीतून, पाठ वाकवून, झटके देत.
रील ओरडली.
चार दिवसांत पहिल्यांदा, कुणाला काही न विकता.

मग त्यानं मूठ उघडली.
बादलीला चाकं होती,
ती अजून थोडी पुढे गेली.