पाण्यावरची मोटर

राजारामपुरीत इर्शादच्या दुकानात
काचेआड तीन बोटी होत्या.
त्यानं विचारलं, "पोरगं केवढं आहे, मावशी?"
मी म्हटलं, "एकावन्न."
तो हिशेब करत राहिला,
मी लाल बोटीचं पोट बघत राहिले.

लाल बोट म्हणजे नुसती सुरी.
ब्रशलेस मोटर, तासाला चाळीस किलोमीटर,
उलटली तर आपणहून सुलटी होते.
"नाद खुळा आहे," तो म्हणाला.
असेल.
पण चाळीसच्या वेगानं
कोटीतीर्थ किती सेकंदांचं?
तोंडातलं पान थुंकेपर्यंत
पलीकडची पायरी कपाळाला.

दुसरी पांढरी, दोन पोटांची,
लाटेवर डुलत नाही म्हणे.
पण दोन पोटांच्या मधे केंदाळ अडकलं
की बसा काठावर
वारा कुणाच्या बाजूचा आहे ते बघत.

तिसरी खालच्या फळीवर,
बुटकी, निळी, रुंद बुडाची,
कडेनं रबरी टायर लावलेली ओढबोट.
तिच्या टपावर बोटानं कुणीतरी
धुळीत नाव लिहून पुसलं होतं.
"स्लो आहे, मावशी. कुणी घेत नाही."
"झाकण उघड."
चार स्क्रू.
आत माझ्या अंगठ्याएवढी मोटर.
ब्रशवाली.

बावीस वर्षं उद्यमनगरात
मी जळक्या मोटरी भरते.
शिरोळच्या, कागलच्या, विहिरीतनं वर काढलेल्या,
व्हार्निश करपल्याचा वास अंगावर घेऊन आलेल्या.
जीभ दातांत धरून तांब्याचे वेढे मोजते,
मधे कुणी हाक मारली की
पुन्हा पहिल्यापासून.
त्या मोटरींनी किती पाणी ओढलं असेल!
पण त्यातली एकही
पाण्यावर हिंडायला गेल्याचं
माझ्या ऐकण्यात नाही.

इर्शादनं बॅटऱ्या समजावल्या.
एक हलकी, तेज, पण नाजूक स्वभावाची,
चार्ज होताना जवळ बसावं लागतं,
रागावली तर फुगते.
दुसरी जड, लवकर दमते,
पण मनात काही ठेवत नाही.
"दुसरी दे. पंखा एक जादा. शाफ्टला ग्रीस आहे माझ्याकडं.
आणि मधेच बंद पडली तर?"
तो हसला. "जायचं की पोहत!"

रंकाळ्यावर भाऊ, भावाचे दोस्त, निम्मी पेठ
कठड्यावरनं उड्या टाकायची.
मी त्यांच्या कपड्यांवर दगड ठेवून
राखणीला बसायची.
सात शर्ट, सात चड्ड्या, एक घड्याळ.
पोहायला मला कुणी शिकवलं नाही
आणि मीही कधी विचारलं नाही,
असं मी सांगते सगळ्यांना.
एकदा विचारलं होतं.

"मग मासे धरायची दोरी दे," मी म्हटलं,
"चांगली तीस मीटर. आणि टेनिसचा चेंडू.
बोटीच्या पलीकडं फेकायचा,
हळूहळू ओढत आणायचं."
इर्शाद माझ्याकडं बघायला लागला.
"मावशी, तुम्ही आधी चालवलीय काय?"
"नाही बा.
बंद पडलेलं परत आणणं, एवढंच येतं."

रविवारी सकाळी साडेसहा, कोटीतीर्थ.
कपडे धुणाऱ्या दोघीजणी, एक बगळा.
खालची पायरी ओली म्हणून
चपला वर काढून ठेवल्या.
त्यांना राखण नव्हती.

बटण दाबलं.
आधी नुसती गुरगुर,
मग पाण्याला मागं एक दुमड पडली
आणि निळी निघाली
बाजाराला निघालेल्या बाईच्या चालीनं.
बगळ्यानं एक पाय बदलला.
धुणारीतली एक ओरडली, "अगं, कुठं चाललीय ती?"

जराशी डावीकडं ओढतेय.
सुकाणूची सळई वाकडी असणार,
दुपारी घरी गेल्यावर बघते.
आता नको.
आता ती मधोमध पोचलीय.