साडेतीननंतर

बाजार बंद होतो साडेतीनला
आणि पावणेचारला सुलक्षा प्रियोळकर
स्कूटर लावते माझ्या पायरीपाशी,
हेल्मेट न काढताच विचारते, "आज किती?"

फोंड्याला, जुन्या बसस्टँडमागे घड्याळं दुरुस्त करतो मी.
डोळ्याला भिंग, उजव्या हातात चिमटा,
आणि काउंटरखाली, डाव्या हाताशी फोन,
ज्यात दिवसभर हिरवं-तांबडं काहीतरी धडधडतं.

तिला शंभर द्यायचे. पिग्मी.
तिच्या यंत्रातून जिभेएवढी पावती बाहेर येते,
मी न वाचताच डब्यात टाकतो,
तुटक्या काट्यांत, घामेजून सडलेल्या पट्ट्यांत.

गुरुवारी मी चौदा हजार घालवले.
म्हणजे आधी दोनच गेले होते.
दोनवर थांबायचं हे मीच ठरवलं होतं,
सकाळी, चहाच्या आधी, शुद्धीत असताना.
भाव त्या आकड्यापाशी आला
तसा मी आकडाच जरा खाली सरकवला.
मग आणखी जरा.
गिऱ्हाईक म्हणतं ना, आज नको, शुक्रवारी देतो,
आणि मी म्हणतो, बरं.

रविवारी आडपईला गेलो, बायकोच्या काकांकडे.
शाबू नाईक. खाजनाच्या बांधावरची मानस
यंदा पावणीत त्यांनी घेतली आहे.
किती बोलायचं ते घरीच कागदावर लिहून नेतात,
वर एक रुपया गेला की खाली बसतात.
"एकदा हट्टानं बोललो होतो," म्हणाले,
"मानस मिळाली. त्या वर्षी घरच्या हुमणाला
सुंगटं बाजारातून आणली."

चौदा हजारांचं मी काढलं नाही.
विचारलं फक्त, हे दार लावतं कोण?
"कोण लावणार? भरती लावते.
ओहोटीला आतलं पाणी ढकलतं, उघडतं.
भरतीला खाडी ढकलते, मिटतं.
रात्री दोनला भरती आली तर मी उठू?
आणि उठलो, तर अर्धवट झोपेत काय शहाणपण करीन?"

मग हनुवटीनं पलीकडची शेतं दाखवली.
भात नाही, धड गवत नाही, पांढुरका पापुद्रा.
"एकानं दोरी बांधून दार उघडं ठेवलं.
एकच रात्र, म्हणाला, मासळी जास्त येईल."
आली?
"आली की. टोपल्या पुरल्या नाहीत."
आणि काका जाळं झटकायला लागले.
बऱ्याच वेळानं, मला नव्हे, जाळ्याला म्हणाले,
"खार धुवायला तीन पावसाळे लागतात."

सोमवारी सुलक्षा म्हणाली,
पोरगा सांगतो शेअर घे. कुठला घेऊ?
मी भिंग वर केलं आणि सुरू झालो.
आधी आजारपणाचा विमा बघ.
सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, त्याला हात नाही.
सोनं गहाण ठेवून तर मुळीच नको.
जो आपला तोटा कधी सांगत नाही
त्याची टिप घेऊ नकोस.
कळत नसेल तर दरमहा थोडे फंडात टाक
आणि रोज उघडून बघू नकोस,
पेरलेलं कोणी रोज उकरून बघतं का?

ती हेल्मेटच्या आत हसली.
"तुम्हाला बरंच येतं हो."

येतं.
दुसऱ्याचं घड्याळ कुठे अडलंय
ते तीन मिनिटांत सांगतो मी.
माझ्या मनगटावरचं सात मिनिटं पुढे आहे,
वर्षभर.

ती गेल्यावर डबा उपडा केला.
अकरा महिन्यांच्या पावत्या.
जुन्यांवरची शाई उडाली आहे, कोरे कागद नुसते,
पण सोसायटीच्या वहीत रक्कम आहे,
तीस हजारांच्या वर,
माझं लक्ष नसताना साठलेली.

आज सकाळी आकडा लावला, चहाच्या आधी.
फोन खणात ठेवला,
न्यायला कोणी न आलेल्या घड्याळांबरोबर,
आणि खण बंद केला.

किल्ली मात्र माझ्याच खिशात आहे.
अकरा वाजून दहा मिनिटं.
म्हणजे अकरा-तीन.