माग

आमच्या पूर्वभागात माग म्हणजे खटाखट.
गल्लीच्या दोन्ही अंगांनी, इतकी सवयीची
की लाइट गेली, माग थांबले,
तर शांततेनं दचकून पाळण्यातली पोरं रडायची.
नोकरी लागल्यावर कळलं
माग काढतातही.

गाडीच्या नाकात रडार आहे.
सेकंदाला वीस वेळा विचारतं, कोण आहे, कुठं आहे,
आणि होटगी रोड न कंटाळता सांगत राहतो:
खांब, दुभाजक, खांब, बंद रसवंती, खांब,
पाण्याचा टँकर, खांब.
तासाभरात डिस्क गच्च.
इलाही गाडी कडेला घेतो, दोन चहा सांगतो,
"मॅडम, पोतं फुटलं का परत?"

फुटणारच.
रडारला प्रत्येक खांब पळताना दिसतो.
मलाही दिसायचा, बार्शीच्या एसटीत, नायनांच्या मांडीवर.
झाडं पळलालेत, मी ओरडायचे.
ते म्हणायचे, चाकाला विचार.

आता पगार घेऊन तेच लिहिते: चाकाला विचार.
चाक वेग सांगतं, जायरो वळण,
त्यावरून आधीच मांडून ठेवायचं
पुढच्या पन्नास मिलिसेकंदांत हा खांब कुठं सरकेल,
किती वेगानं अंगावर आल्यासारखा वाटेल.
मग खरा खांब येतो.
खऱ्यातून अंदाज वजा.
उरतं शून्याच्या आसपास काहीतरी,
आणि शून्याला जागा फार लागत नाही.

पोत्याची मूठ होते.
मुठीत ठळक राहतात ते आपल्या पायांनी चालणारे:
सायकलला गॅसची टाकी बांधलेला एक,
शेळी,
डोक्यावर विड्यांचं सूप घेऊन
कारखान्याकडे निघालेल्या दोघी, मधेच थांबून हसणाऱ्या.

नायना जकार्डचे पत्ते पंच करायचे.
चादरभर मोर, पत्त्यांची माळ मात्र एकाच मोराची.
बाकीचे मागाला पाठ आहेत, म्हणायचे.
मी पुण्यात मीटिंगमध्ये हे सांगितलं.
कुणीतरी "इंटरेस्टिंग" म्हणालं आणि पुढची स्लाइड आली.

डिसेंबरात, मंगळवेढ्याच्या रस्त्यावर, रात्री अकराला
उसाच्या दोन ट्रॉल्या उभ्या होत्या.
मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ड्रायव्हर कुठं शेकोटीला.
इलाहीनं बघितलं, आपल्या डोळ्यांनी, आणि करकचून दाबला.
माझा लॅपटॉप पुढच्या सीटवर, मी त्याच्यावर.
उसाचा वास काचेतून आत.

खोलीवर येऊन फाइल उलगडली.
रस्ता मोकळा.
ट्रॉल्या होत्या, पण दीड मीटर डावीकडे, शेतात,
जिथं त्या कधीच नव्हत्या.
रात्रभर शोधलं.
उजव्या टायरमध्ये हवा कमी होती, एवढंच.
चाक दर फेरीला केसभर खोटं बोलत होतं,
माझा अंदाज त्यावर, त्यावर पुढचा अंदाज,
आणि फरकावर फरक रचत मी निवांत बसलेली.

पहाटे एक ओळ वाढवली:
दर शंभर फ्रेमनंतर एक फ्रेम
अख्खी ठेवायची. काही वजा न करता.
मूठ थोडी मोठी झाली. होऊ दे.

नायनांना मी रोज फोन करते.
"काय विशेष?"
"काई नाई. तुझं?"
"काही नाही."
अकरा सेकंद. कधी नऊ.

सकाळी इलाहीला म्हटलं, हवा भरून ये,
मला अशोक चौकात सोड.
दार उघडंच होतं.
मागाच्या जागी पाण्याचा पिंप, सायकल, वर्तमानपत्रांचा गठ्ठा.
माग विकल्याचं मला सांगितलं नव्हतं,
किंवा सांगितलं असेल, अकरा सेकंदांत कुठंतरी.
ते कडक भाकरी मोडत होते शेंगाचटणीशी,
डाव्या हातानं. उजवा मांडीवर ठेवलेला,
ठेवलेला म्हणजे ठेवलेला.

मी समोर बसले. बघत राहिले.

"काय बघलालीस एवढं?"
"अख्खी फ्रेम."
त्यांनी चष्मा काढला, लुंगीला पुसला,
उजेडात धरला.
"जुनीच आहे की," म्हणाले.
"काडी तेवढी बदलली."